सात्म्य विश्रांती : ताणावरचा आपापला उपाय रुग्णाने कसा शोधावा?

अम्लपित्त, अर्धावभेदक, मलावष्टंभ, निद्रानाश, मानेचे व पाठीचे दुखणे आणि 'अंगात काही त्राणच राहिले नाही' ही थकव्याची तक्रार. रहाटणी, काळेवाडी, थेरगाव, पिंपळे सौदागर या परिसरात व्यवसाय करणाऱ्या कोणत्याही वैद्याने आपली नोंदवही उघडली तर ही नावे त्याला पानोपानी आढळतील. रुग्ण निरनिराळे, वये निरनिराळी, प्रकृतीही निरनिराळ्या. परंतु हेतूंचा शोध घेत गेले की बहुधा एकाच शब्दापाशी येऊन थांबावे लागते. रुग्ण त्याला 'टेन्शन' म्हणतो. आपण केसपेपरवर 'चिंता', 'मानसिक ताण' असे काहीतरी लिहितो, अग्नी आणि कोष्ठ पाहून औषध योजतो आणि रुग्ण उठता उठता त्याला सांगतो, 'टेन्शन घेऊ नका, जरा विश्रांती घ्या.'

हा सल्ला चुकीचा नाही. तो अपुरा आहे. ताण कोणी हौसेने घेत नाही. आणि 'विश्रांती घ्या' म्हणजे नेमके काय करा, केव्हा करा, किती करा, हे न सांगणे म्हणजे औषधाचे नाव सांगून मात्रा, काल व अनुपान न सांगण्यासारखे आहे. औषधाच्या बाबतीत आपण असे कधीही करणार नाही. एकाला मानवणारे चूर्ण दुसऱ्याला मानवेलच असे नाही, हे आपण जाणतो. विश्रांतीच्या बाबतीत मात्र प्राणायाम करा, सकाळी फिरायला जा, संगीत ऐका अशी एकच यादी सर्वांच्या हाती देण्याचा मोह होतो. विश्रांती हीसुद्धा सात्म्य पाहूनच ठरवावयाची असते आणि ती ठरविण्याची शास्त्रशुद्ध रीत आपल्याच संहितांत आहे, हे दाखविण्याचा या लेखात आम्ही प्रयत्न करणार आहोत.

आपला परिसर आणि त्याची घड्याळे

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला, पुढच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. त्यानंतर उद्योग चाकणकडे सरकले आणि दुसऱ्या बाजूस हिंजवडीत संगणक कंपन्यांची वसाहत झाली. रहाटणी या दोहोंच्या मधोमध आहे. पवनेपलीकडे पिंपरीचे जुने कारखाने, वाकड ओलांडले की हिंजवडी, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर चाकण. त्यामुळे रहाटणीतील एकाच इमारतीत तीन वेगवेगळी घड्याळे चालू असतात. तळमजल्यावरचा कामगार रात्रपाळी करून सकाळी घरी येतो, त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरची मुलगी कंपनीच्या बससाठी खाली उतरते, आणि गावठाणातील आजोबांचा काकडा तोवर आटोपलेला असतो.

यात आणखी एक स्थानिक गुंतागुंत आहे. येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, संगणक कंपन्यांची शनिवार-रविवारी, शाळांची रविवारी. नवरा कारखान्यात, बायको कार्यालयात आणि मूल शाळेत असले तर तिघांना मिळून एकही पूर्ण सुट्टी मिळत नाही. 'रविवारी कुटुंबासह बाहेर जात जा' असे आपण सहज सांगतो; तो रविवार रुग्णाजवळ आहे का, हे विचारून घ्यावयास हवे. रुग्णपरीक्षणात देश आणि काल पाहावयाचा असतो तो याचसाठी.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, हे सत्त्वावजयाचे स्वरूप होय. मानस दोषांवर ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे उपाय सांगितले आहेत. ही पाचही साधने रुग्णाने स्वतः वापरावयाची आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वैद्य ती पुडीत बांधून देऊ शकत नाही. तो केवळ वाट दाखवू शकतो.

ताणाचा शरीराशी संबंधही संहितेत स्पष्ट आहे. अतिचिंतन हे रसवह स्रोतसाच्या दुष्टीचे कारण सांगितले आहे. चिंता, शोक, भय, क्रोध यांच्या भरात, किंवा जागरण झालेले असता, मोजके व पथ्यकर अन्न घेतले तरी ते नीट पचत नाही, असेही विमानस्थानात म्हटले आहे. अम्लपित्ताच्या ज्या रुग्णाचे पथ्य काटेकोर असूनही उपशय मिळत नाही, त्याच्या ताटात काय आहे याबरोबरच तो ताटावर बसतो तेव्हा मनात काय असते, हे पाहण्याची सूचना यात दडलेली आहे. भ्रमणध्वनीवर साहेबांचे निरोप वाचत दहा मिनिटांत संपविलेला डबा कितीही सात्त्विक असला तरी त्याचे सम्यक पचन कसे व्हावे?

वेगांविषयीचे विवेचनही येथे उपयोगी पडते. लोभ, शोक, भय, क्रोध इत्यादींचे वेग धारण करावेत आणि मल, मूत्र, क्षुधा, तृष्णा, निद्रा इत्यादी तेरा वेग धारण करू नयेत, असा नियम आहे. या तेरा अधारणीय वेगांत अश्रू आहेत, हे अनेकदा विसरले जाते. शोकाच्या आहारी जाऊ नये, पण डोळ्यांत आलेले पाणी दाबू नये, असा सूक्ष्म विवेक आचार्यांनी केला आहे. चालत्या लाइनवर उभा असलेला कामगार मूत्रवेग रोखतो, तहान रोखतो, जांभई रोखतो. घरी आल्यावर पुरुषाने रडू नये म्हणून अश्रूही रोखतो. त्याची विश्रांती कोठून सुरू व्हावी, याचे उत्तर कित्येकदा या वेगधारणाच्या यादीतच मिळते.

विश्रांती म्हणजे शरीरात काय घडते?

शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून 'स्ट्रेस' ही कल्पना वैद्यकात रुजली. संकट कोणतेही असो, शरीर प्रथम सावध होते, नंतर तग धरते आणि ताण संपलाच नाही तर शेवटी खचते, असा क्रम त्यांनी मांडला. सावध होण्याच्या अवस्थेत हृदयगती वाढते, स्नायू ताणले जातात, पचनाचे काम मागे पडते. वाघ समोर आला असता ही योजना जीव वाचविते. परंतु वाहतूक कोंडी, उत्पादनाचे लक्ष्य, घरकर्जाचा हप्ता आणि मुलाचा शाळाप्रवेश हे वाघ रोजचेच असल्याने शरीर सावधच राहते. विश्रांती म्हणजे या सावधतेतून खाली उतरणे होय. नुसते निष्क्रिय पडून राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. अंथरुणात पडून उद्याच्या हिशेबात गुंतलेला मनुष्य विश्रांती घेत नसतो.

या विषयाच्या अभ्यासाला आपल्या जवळचाच इतिहास आहे. पिंपरी-चिंचवडच्या लोकलमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, लोणावळ्यात, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत मोजण्यास आरंभ केला. पुढे १९६९ साली मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा परिणाम पाहून तो प्रसिद्ध केला. अनेक रुग्णांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधांची मात्रा कमी करता आली. परंतु सर्वांना सारखा लाभ झाला नाही.

आमच्या मते यातील शेवटची बाब पहिल्या दोहोंइतकीच मोलाची आहे. शवासनासारखा सोपा, बिनखर्चाचा आणि नीट शिकविलेला उपायही सर्वांना सारखा लागू पडत नाही. मग ज्याला तो लागू पडला नाही त्याला 'तुमचे मनच स्थिर नाही' असा दोष देणे योग्य नव्हे. एका औषधाने उपशय न मिळाल्यास आपण रुग्णाला बोल लावत नाही, औषध बदलतो. येथेही तेच करावयाचे आहे.

सात्म्य विश्रांती शोधण्याची रीत

'तुमचा छंद काय?' या प्रश्नाला या परिसरात बहुतेकांचे उत्तर 'छंदाला वेळ कुठे आहे, डॉक्टर?' असे येते आणि संभाषण तेथेच संपते. त्याऐवजी पुढील चार प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

पहिला प्रश्न : 'गेल्या महिनाभरात बरे वाटले, मन निवांत झाले, असे केव्हा झाले? तेव्हा तुम्ही कोठे होता, काय करीत होता, बरोबर कोण होते?' रुग्ण प्रथम 'कधीच नाही' म्हणतो. थोडे थांबावे. मग दुचाकी धुताना, कुंडीतल्या रोपांना पाणी घालताना, भाकरी थापताना, पारावर बसलेले असताना, असे काहीतरी हळूहळू आठवते. उपाय येथेच असतो; रुग्णाने त्याला उपाय म्हणून ओळखलेले नसते.

दुसरा प्रश्न : 'येथे येण्यापूर्वी, गावी असताना, काय आवडत असे?' आपल्या रुग्णांपैकी अनेक जण मराठवाडा, खानदेश, विदर्भ किंवा परप्रांतातून पोटासाठी आलेले आहेत. तालीम, भजन, कबड्डी, गुरांची देखभाल, विहिरीतले पोहणे हे त्यांचे ओकसात्म्य, म्हणजे दीर्घ सवयीने मानवलेले होते. गाव सुटले तेव्हा ते सारे एकदम सुटले. अशा वेळी नवी सवय लावण्यापेक्षा जुनी सवय नव्या जागी रुजविणे सोपे जाते.

तिसरा प्रश्न : 'दिवसातला कोणता अर्धा तास खरोखर तुमचा आहे?' उपाय कितीही उत्तम असो, त्यासाठी काल नसेल तर तो व्यर्थ आहे. अर्धा तास नसेल तर दहा मिनिटे शोधावीत. बसमधील वेळ, बस थांब्यापासून घरापर्यंतची वाट, स्नानापूर्वीची पाच मिनिटे हीसुद्धा वेळच आहे.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : 'ते केल्यानंतर काय उरते?' येथे उपशय-अनुपशय ही आपली निदानपद्धती कामी येते. ज्याने तेवढ्यापुरते बरे वाटते परंतु नंतर झोप उडते, भूक मंदावते, चिडचिड वाढते, ती सुटका असेल, विश्रांती नव्हे. पाळी सुटल्यावर घेतलेले मद्य झोप आणते, पण ती झोप मध्यरात्रीनंतर विस्कटते आणि दुसऱ्या दिवशी शीण तसाच राहतो. तंबाखूने वाटणारे स्वास्थ्य बहुतांशी तंबाखूच्याच तलफेने निर्माण केलेली अस्वस्थता शमल्याचे असते. अंथरुणात तासभर भ्रमणध्वनी पाहणेही याच वर्गात मोडते. याउलट ज्यानंतर झोप गाढ लागते, सकाळी कोष्ठशुद्धी सुखाने होते, वेळेवर भूक लागते आणि घरच्यांशी बोलणे मऊ होते, ती त्या रुग्णाची सात्म्य विश्रांती समजावी.

या चार उत्तरांवरून एक, फार तर दोन उपाय निवडावेत आणि चौदा दिवस करून पाहण्यास सांगावे. रुग्णाने वहीत रोज तीनच गोष्टी लिहाव्यात : उपाय केला की नाही, झोप कशी लागली, भूक कशी होती. चौदा दिवसांनी वही घेऊन पुन्हा यावे. उपशय असेल तर तोच उपाय चालू ठेवावा, नसेल तर दुसरा घ्यावा. पाच उपाय एकदम सांगू नयेत. विश्रांतीची यादीच लांबली तर ती आणखी एक काम होऊन बसते.

प्रकृतीचा विचार या निवडीत अवश्य करावा. वातप्रधान व्यक्तीला ठरलेली वेळ, ऊब, स्नेहन आणि एकाच जागी सावकाश चालणारी कृती बहुधा मानवते. पित्तप्रधान व्यक्तीला शीतल जागा आणि जेथे हारजीत नाही असा विरंगुळा हवा. त्याने विरंगुळ्यासाठी स्पर्धा निवडली तर तेथेही तो तापतो. कफप्रधान व्यक्तीला बसून राहण्यापेक्षा हालचालीने मोकळे वाटते. परंतु प्रकृती हा आरंभ आहे, निर्णय नव्हे. आठ तास उभे राहून काम केलेल्या कफप्रधान कामगाराला संध्याकाळी चालावयास पाठविणे युक्तीला धरून होणार नाही. त्याचे कर्म, बल आणि सत्त्व पाहूनच योजना करावी. प्रवर सत्त्वाचा रुग्ण एकट्याने साधना करू शकतो. अवर सत्त्वाच्या रुग्णाला सोबत लागते, आणि त्याला एकांताचा सल्ला दिला तर त्याची चिंता वाढण्याचाच संभव असतो.

काही उदाहरणे

ही रीत प्रत्यक्षात कशी उतरते ते काही कल्पित परंतु नेहमीच्या ओळखीच्या उदाहरणांवरून पाहू.

समजा, चाकणला पाळीने काम करणारा तीस-पस्तीस वर्षांचा जोडारी आहे. छातीत जळजळ, अपुरी झोप, घरात चिडचिड. त्याला प्राणायाम सांगितला. बसले की एकतर पेंग येते, नाहीतर घरचे प्रश्न घेरतात. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात कळते की गावच्या सप्ताहात तो पखवाज वाजवीत असे. रहाटणीच्या व आसपासच्या गावठाणांत आजही भजनी मंडळे आहेत, आणि देहू-आळंदीच्या मधल्या या भूमीत ती कोणाला परकी नाहीत. गुरुवारची सुट्टी, संध्याकाळचे दोन तास आणि हातात पखवाज, हा त्याचा उपाय ठरू शकतो. तालावर मन आपोआप स्थिरावते, श्वास लांबतो, आणि सोबतही मिळते.

समजा, हिंजवडीत काम करणारी संगणक अभियंता आहे. तिला पहाटे पाचला उठून योगवर्गास जाण्याचा सल्ला मिळाला. रात्री अकरापर्यंत परदेशी सहकाऱ्यांशी बैठक असल्याने या वर्गाने तिची झोप आणखी तासाभराने कमी केली. तिसऱ्या प्रश्नातून दिसते की कार्यालय सुटल्यापासून घराचे दार उघडेपर्यंतचा वेळच काय तो तिचा आहे. मग एक थांबा आधी उतरून, कानाला काहीही न लावता, सावकाश चालत घरी यावे. घरात आल्यावर हातपाय धुऊन पाच मिनिटे पादाभ्यंग करावा. एवढेच चौदा दिवस.

समजा, नातवाला सांभाळण्यासाठी गावाहून आलेल्या आजी आहेत. सातव्या मजल्यावरील सदनिकेत त्या दिवसभर एकट्या असतात. 'आराम करा' हा सल्ला त्यांना देणे निरर्थक आहे. आरामच त्यांना जड झाला आहे. त्यांच्या ताणाचे नाव एकलेपणा आहे. दुपारी खालच्या बाकावर चारचौघींत बसून भाजी निवडणे, संध्याकाळी सोसायटीतल्या हरिपाठाला जाणे, ही त्यांची विश्रांती होय. शांतता नव्हे, तर बोलणे हा त्यांचा उपाय आहे.

आणि समजा, रुग्ण म्हणून आपणच आहोत. सकाळी नऊला उघडलेले औषधालय रात्री दहाला बंद करणारे विक्रेते आणि दोन वेळचे चिकित्सालय सांभाळणारे वैद्य यांना हे चारही प्रश्न लागू आहेत. निगडीच्या दुर्गा टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांत आपल्या व्यवसायातील मंडळीही दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांना टेकडी मानवत नाही त्यांनी आपले दुसरे काही शोधावे.

या भूमीला एकांताचीही परंपरा आहे. तुकोबाराय चिंतनासाठी भंडाऱ्याच्या डोंगरावर जात, असे परंपरा सांगते. आपल्या संसारातून आणि व्यवहारातून उठून एखाद्या ठरावीक जागी जाणे व तेथून पुन्हा संसारात परतणे, ही रीत येथील लोकांना शिकवावी लागत नाही; आठवण करून द्यावी लागते इतकेच.

रात्रपाळीची झोप

पाळीने काम करणाऱ्या रुग्णांबाबत स्वतंत्र विचार हवा, कारण झोप बिघडलेली असताना विश्रांतीचा अन्य कोणताही उपाय टिकत नाही. शरीराच्या आंतरिक घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या संशोधनास २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि रात्रपाळीचे काम मनुष्यात 'संभाव्यतः कर्करोगकारक' असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली दिला व २०१९ साली कायम ठेवला. रात्री जागरण रूक्ष आणि दिवास्वाप स्निग्ध, हे आपले सूत्र सर्वज्ञात आहे. परंतु 'दिवसा झोपू नये' हा सामान्य नियम रात्रपाळी करणाऱ्याला सांगणे हा अन्याय आहे. रात्री जागलेल्यांना आणि श्रमाने थकलेल्यांना चरकाचार्यांनी दिवास्वापाची मुभा दिली आहे. वाग्भटाचार्यांनी त्याचे प्रमाणही सांगितले आहे : सवय नसताना जागरण घडल्यास जागरणाच्या निम्मा काळ, सकाळी, काही न खाता झोपावे.

यातील 'काही न खाता' ही अट आजच्या कामगाराला नेमकी उपयोगी आहे. रात्रपाळीहून येताना नाक्यावर वडापाव, मिसळ खाऊन लगेच झोपणे हे येथील अम्लपित्ताचे व मेदोवृद्धीचे एक ठळक कारण आम्हांस दिसते. घरी येऊन कोमट पाण्याने स्नान, तळपायांना तेल, जाड पडद्याने अंधार केलेली खोली आणि उपाशीपोटी झोप. उठल्यावर ताजे जेवण, असा क्रम सांगावा. उपाशी झोप येत नसेल तर पातळ पेज घ्यावी. पित्ताचा वा प्रमेहाचा रुग्ण असेल आणि विशेषतः तो इन्शुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल, तर उपाशी राहण्याचा सल्ला सरसकट देऊ नये. दाराची घंटा, मुलांचा गोंधळ आणि भ्रमणध्वनी यांपासून चार-पाच तास संरक्षण देणे हे घरच्यांचे काम आहे. ते त्यांना बोलावून समजावून सांगावे. अभ्यंगही सर्वांना सांगू नये. अजीर्णात आणि कफवृद्धीत तो वर्ज्य आहे.

औषधालयाच्या काउंटरवर

'टेन्शनवर काहीतरी द्या' ही मागणी वैद्याआधी औषधविक्रेत्यांच्या कानी येते. म्हणून त्यांची जबाबदारी मोठी आहे. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, अश्वगंधा, तगर ही द्रव्ये उपयोगी आहेत यात शंका नाही. परंतु ती विश्रांतीला साहाय्य करतात, विश्रांतीची जागा घेत नाहीत. जागरण आणि कामाचा भार तसाच ठेवून केवळ चूर्ण देत राहिल्यास हेतू कायम राहतो आणि निदानपरिवर्जन साधत नाही.

अश्वगंधा आज जाहिरातींमुळे घरोघरी पोहोचली आहे. तिच्याविषयी चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. आयुष मंत्रालयाने २०२१ साली पानांचा वापर टाळून मूळच वापरण्याची सूचना उत्पादकांना केली. वेष्टनावर 'मूळ' लिहिले आहे का ते पाहावे. यकृताला इजा झाल्याचे काही रुग्ण भारतासह विविध देशांतून नोंदले गेले आहेत. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. त्या बंदीविषयी मतभेद असू शकतात, तरी यकृतविकार, अवटुग्रंथीचा अतिस्राव किंवा गर्भावस्था असेल तर ती काउंटरवरून देऊ नये. चौथी गोष्ट, ग्राहक झोपेच्या, मधुमेहाच्या वा थायरॉइडच्या आधुनिक गोळ्या घेत आहे का, हे विचारल्याशिवाय देऊ नये.

सर्पगंधेविषयी अधिक सावधगिरी हवी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी लिहिलेल्या निबंधाने ती जगभर पोहोचली. परंतु पुढे तिच्यातील रेसर्पिनमुळे काही रुग्णांत विषण्णता येते असे आढळले. ताणाने आधीच खिन्न असलेल्या ग्राहकाला केवळ 'झोप येते' म्हणून सर्पगंधायुक्त वटी देणे धोक्याचे आहे. खुरासानी ओवा तर औषध नियमांच्या अनुसूची 'ई-१' मधील द्रव्य आहे. त्याचे कल्प वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात.

आपल्या मर्यादा

येथवरचे विवेचन रोजच्या ताणाविषयी झाले. प्रत्येक खिन्नता म्हणजे रोजचा ताण नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस न वाटणे, पहाटे लवकर जाग येऊन मन काळवंडणे, अन्नावरची वासना उडणे, वजन घटणे, 'माझा सर्वांना भार झाला आहे' असे बोलणे, मद्याचे प्रमाण एकाएकी वाढणे, आवडत्या वस्तू देऊन टाकणे, ही लक्षणे दिसली तर चौदा दिवसांची वही काढू नये. रुग्णाला एकांतात बसवून 'जीव नकोसा होतो का?' असे सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो हा गैरसमज आहे. उलट विचारणारा भेटला म्हणून रुग्णाला हलके वाटते. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना बोलवावे, घरातील कीटकनाशके व गोळ्या दूर करावयास सांगाव्यात आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पोहोचवावे. केंद्र शासनाची टेली-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात आणि औषधालयाच्या काउंटरवर दिसेल असा लावावा. मानसोपचारतज्ज्ञांनी सुरू केलेली औषधे आपण बंद करू नयेत, हे वेगळे सांगणे न लगे.

एक मर्यादा आणखी आहे. कंत्राटी नोकरीची अनिश्चितता, सक्तीचा ओव्हरटाइम, दोन-दोन तासांचा प्रवास, यांवर वैद्याजवळ औषध नाही. ताणाचा हेतू बाहेर असताना तो रुग्णाच्या मनाचा दुबळेपणा आहे असे आपल्या बोलण्यातून चुकूनही सूचित होऊ नये. विश्रांती शिकविणे म्हणजे अन्याय सोसावयास शिकविणे नव्हे. विश्रांत मनुष्य आपल्या परिस्थितीकडे अधिक स्वच्छ दृष्टीने पाहू शकतो. पाळी बदलून मागावी, कर्जाचा विचार पुन्हा करावा की नोकरी सोडावी, हा निर्णय त्याचा त्याने घ्यावयाचा असतो.

समारोप

प्रत्येक सन्मित्र वैद्यास आमची एक साधी सूचना आहे. केसपेपरवर आपण आहार, निद्रा, मल, मूत्र, व्यसन यांचे रकाने ठेवतोच. त्यांत 'विश्रांती' असा एक रकाना वाढवावा आणि तेथे रुग्णाच्याच शब्दांत उत्तर लिहावे. 'पखवाज', 'कुंड्यांना पाणी', 'घरापर्यंत पायी'. पुढच्या भेटीत नाडी पाहण्याआधी त्याविषयी विचारावे. औषधविक्रेत्यांनीही नेहमीच्या ग्राहकाला पुडी देताना 'झोप कशी आहे?' एवढे विचारावे आणि उत्तर काळजीचे वाटले तर त्याला वैद्याकडे पाठवावे.

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांवर शरीर उभे असते असे आपण मानतो. आपल्या औद्योगिक पट्ट्यात त्यांतील निद्रेचा स्तंभ सर्वांत आधी खचतो आहे. तो सावरण्यासाठी महाग औषध लागत नाही; रुग्णाला विचारण्याची पाच मिनिटे आणि त्याचे उत्तर ऐकून घेण्याचा धीर लागतो. तेवढे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे.